निळ्या दोऱ्याचा चष्मा

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते."

ही आमच्या भावोजींनी स्वतःच करून दिलेली स्वतःची ओळख. ते डिटेक्टिव्ह आहेत असं ते म्हणतात. दुसरं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी त्यांचा सहायक, कारण त्यांची बायको माझी ताई आहे आणि मी तिच्याकडे जेवतो.

लाँड्रीच्या वरच्या खोलीत संध्याकाळी आम्ही इंग्रजी शिकायला जातो. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'टेक ऑफ'.

"अंगावरचं काही काढणं म्हणजे टेक ऑफ. विमान उडतं तेही टेक ऑफ, धंदा एकदम जोरात चालायला लागला तरी टेक ऑफच. 'टेक ऑफ युवर हॅट' म्हणा, नाहीतर 'टेक युवर हॅट ऑफ'. पण 'इट' आलं की ते मध्येच बसवायचं. टेक इट ऑफ!"

बाईंचं ठाम मत, हातांनी केल्याशिवाय शब्द डोक्यात शिरत नाही. म्हणून प्रत्येकाने अंगावरची एक वस्तू काढायची, इंग्रजीत तसं सांगायचं आणि ती टोपलीत टाकायची. मग डोळे मिटून कुठलीही एक उचलायची, 'पुट ऑन' म्हणत घालायची. शेवटी ज्याची त्याला परत.

आचाऱ्याने टोपी टाकली, मी मफलर, टेलरमामांनी चष्मा. भावोजींनीही चष्माच. टोपली फिरली.

"योगायोग बघा," भावोजी ओरडले, "माझाच चष्मा मला आला!"

सगळ्यात शेवटी टोपली टेलरमामांकडे गेली. वस्तू परत करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात एक परका चष्मा उरला. मामांच्या चष्म्यासारखाच काळा, जाड काड्यांचा, पण एका काडीला निळा दोरा.

"हा कुणाचा?" मामा रडकुंडीला आले. "माझा कुठाय? उद्या सकाळी हॉटेलात मुलाखत आहे हो! गणवेशांचं खातं. सुईत दोरा ओवायला लावतील. नवा चष्मा व्हायला आठवडा जाईल!"

जन्मभर कोट शिवणाऱ्या माणसाची परीक्षा इंग्रजीत घेणाऱ्यांवर माझा आधीच राग. त्यात भावोजींनी दाराला कडी घातली.

"कुणी हलायचं नाही! चोराने खोलीत धूर सोडलाय. मला सगळं अंधूक दिसतंय."

"धूर कुठाय?" बाई म्हणाल्या.

"तोच तर त्यांचा डाव! असली चष्मा पळवून नकली ठेवलाय. आणि हा निळा दोरा ही टोळीची खूण आहे."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या उंच इसमाची गचांडी धरली. "बोल! साथीदार कोण?" तो बोलेना.

"सराईत आहे," भावोजी माझ्या कानात म्हणाले.

"कोट अडकवायचा स्टँड आहे, भावोजी."

"वेषांतर!"

पुढे त्यांनी आचाऱ्याच्या छत्रीला बंदूक ठरवलं, बाईंना तीनदा 'अहो मिस्टर' म्हटलं. मामा खाली बसून जमीन चाचपत होते. कुणाच्या नाकावर काय आहे, हे चष्म्याशिवाय त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आणि भावोजींच्या तोंडाकडे बघायचं मी केव्हाच सोडलंय.

दार धडधडलं. मी कडी काढली. ताई.

"जेवण गार झालं! आणि अहो, हा कुणाचा चष्मा लावून बसलात? तुमच्या काडीला मी निळा दोरा बांधलाय ना, गळून पडते म्हणून?"

ताईने नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि मामांच्या नाकावर ठेवला. मामांना सगळ्यात आधी दिसले ते भावोजी. पण मामा सज्जन, शिवी गिळून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत साहेब म्हणाले, "टेक ऑफ युवर जॅकेट, बसा आरामात." मामांनी जॅकेट काढून टेबलावर ठेवलं, डोळे मिटले, हात पुढे केला आणि खुर्चीवर टांगलेला साहेबांचाच कोट उचलून 'पुट ऑन' म्हणत अंगात घातला. डोळे उघडले तेव्हा साहेबांचा आ वासलेला. पण मामांचा हात सवयीने खांद्यावर गेला.

"साहेब, डावा खांदा उतरलाय. नीट करून देऊ?"

साहेब इतके हसले की सुईदोरा राहूनच गेला. मामा सोमवारपासून कामावर आहेत.

भावोजींच्या दारावर आता नवी पाटी आहे: 'चष्मा प्रकरण यशस्वी'. ताईने त्यांच्या दुसऱ्या काडीलाही दोरा बांधलाय. लाल.