चौकडीच्या शर्टातले आजोबा

मास्तर पाण्याची बाटली भरून आले, तर बाकावर पिशवी होती आणि बाबा नव्हते. बाबांना हल्ली घरचा पत्तासुद्धा धड आठवत नसे. परीक्षेचे पेपर तपासून तपासून आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे! बसस्थानक दोनदा पालथं घालून मास्तर चौकशीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

खिडकीतल्या बाईंचा घसा सकाळपासून बोलून बसला होता.

"कपडे काय घातलेत?"

"शर्ट. चौकडीचा."

"चौकडीचा? म्हणजे चार जण आहेत?"

"अहो, एकटेच आहेत! चौकडी म्हणजे कापडावर चौकोन चौकोन असतात ना, ते."

"मग चौकोन म्हणा की. आमच्याकडे चौकडी म्हणजे उनाड टोळकं."

"दोन्ही चौकड्याच," अशाही वेळी मास्तरांमधला मास्तर जागा झाला. "चौ म्हणजे चार. तिथे चार टाळकी, इथे चार कडा. चाळीस वर्षं दुकानात कापड फाडलंय बाबांनी, त्यांनीच सांगितलंय मला."

"बरं बरं. मला कुठे परीक्षेला बसायचंय!" बाईंनी माइक ओढला. "चौकडीतले एक आजोबा हरवले आहेत. दिसल्यास चौकशीच्या खिडकीशी आणावे."

"चौकडीतले नव्हे हो, चौकडीच्या शर्टातले!"

"समजतं लोकांना."

लोकांना समजलं ते असं, की पाचच मिनिटांत तीन म्हातारे धापा टाकत हजर झाले. "आमच्यातला कोण हरवला? आम्ही तर मुळात तिघेच निघालो होतो!" त्यांची समजूत घालता घालता मास्तरांच्या नाकी नऊ आले.

मग दुरुस्त घोषणा झाली, आणि खिडकीशी चौकड्याच चौकड्या यायला लागल्या. पहिल्याची गाडी चुकली होती. दुसरा म्हणाला, "मला एकाने दंडाला धरून आणून सोडलं. म्हणे, तुमची चौकडी बारीक आहे, पण जा, घरचे काळजीत असतील." तिसऱ्याचे केस नुकते कुठे पिकायला लागले होते. "मी आजोबा दिसतो का हो तुम्हाला?" असं त्याने तीनदा विचारलं. मास्तरांनी सगळ्यांची माफी मागितली. आता त्यांना अगदी रडू येऊ लागलं.

"बाई, ते रस्त्यावर गेले असतील तर हो?"

बाईंनी आपला चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "चला, चला, लाजताय काय! पोरगा कधीचा शोधतोय तुम्हाला!" गर्दीतून एका अनोळखी म्हाताऱ्याला ओढत बाबाच येत होते. "घ्या बाई, हा चौथा. चौकडी मोठी आहे, हाच असणार बघा."

मास्तर बघतच राहिले. बाबांच्या अंगात निळ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट होता. त्याची बटणं सकाळी मास्तरांनीच लावून दिली होती.

"अरे, तू इथे?" बाबा म्हणाले. "कुणाचा तरी बाप हरवलाय रे. तू पिशवीपाशी बस, मी अजून एक चक्कर मारून येतो."

मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरला. "राहू द्या बाबा. सापडले ते."

"सापडले? कसली चौकडी होती? मोठी की बारीक?"

"चौकडी नव्हतीच," मास्तर म्हणाले. "उभ्या पट्ट्या होत्या."

"मग चौकडी म्हणून कोणत्या गाढवाने सांगितलं?"