आठवी वायर

सुकरामभाऊ कापगते माझ्याकडे चहाला आले की सगळ्यांच्या शेवटी बसतात आणि सगळ्यांच्या आधी उठतात. गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत. आधी मला वाटलं, माणूस मानी आहे. मग वाटलं, माझा चहाच वाईट असेल. शेवटी विचारलंच. तर म्हणाले, "बाई, अॅम्प शेवटी चालू करायचा आन् पहिले बंद करायचा. तीस वर्षं अॅम्पासोबत राहून राहिलो. सवय लागली."

अॅम्प म्हणजे अॅम्प्लिफायर, आवाज मोठा करणारी पेटी. आमच्या नवेगाव बांध गावात लग्न असो, बारसं असो, भोंगा सुकरामभाऊंचाच. मी शाळेत गणित शिकवते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे त्यांची माइक तपासणी माझ्या नशिबातच लिहिलेली आहे. बरं, सरळ 'हॅलो हॅलो' म्हणतील तर शपथ. ते म्हणतात, "भात शिजला. भात शिजला." का, तर "'भ' म्हणलं का फुंकर कळते, 'श' म्हणलं का शिट्टी कळते. हॅलोत काय कळते? कप्पाळ."

डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. तरुणपणी भाऊ स्पीकरला कान लावून बसले असताना कुण्या शहाण्यानं चालू अॅम्पात वायर खुपसली. तेव्हापासून चालू पेटीत वायर खुपसणारा माणूस त्यांचा जन्माचा वैरी. माझ्या भावानं एकदा त्यांच्यासमोर चालू टीव्हीला स्पीकर जोडला, तर भाऊ कप तसाच ठेवून निघून गेले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी, हं. भावाशी बोलत होते.

आता गेल्या वर्षीच्या मंडईचं सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि दुपारी दंडार होते, म्हणजे ढोलकीवर नाच, गाणी आणि सोंगं. तिचं उद्घाटन मंडई समितीचे अध्यक्ष मोरेश्वरभाऊ बटन दाबून करतात, ही आमची परंपरा. गेल्या वर्षी त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि थेट बोर्डाचं मोठं बटन खाली केलं. सगळं त्या एकाच बटनावर सुरू व्हायचं, म्हणून अॅम्प आधीपासून चालू करून ठेवलेले होते. सगळ्या पेट्यांत एकदम वीज शिरली, 'धाड' असा आवाज झाला आणि दोन्ही स्पीकर जागीच गेले. दंडारवाल्यांनी दिवसभर कोरड्या घशानं बोंबलून सोंगं केली. अध्यक्षांच्या बोटाला कोण नावं ठेवणार? सगळं सुकरामभाऊंवर आलं. "और एक बार असं झालं ना, तं गोंदियाचा डीजे आणू," मोरेश्वरभाऊ चारचौघांत म्हणाले.

भाऊंनी मान खाली घातली. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "डीजे आला तं आला. पण बुढीले काय सांगू?" बुढी म्हणजे त्यांची बायको, देवकावहिनी. मला वाटलं, घर चालायची काळजी असेल.

यंदा पोळ्याला वहिनी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आणि त्याच महिन्यात भाऊ नागपूरहून एक काळा डबा घेऊन आले. मागे ओळीनं आठ भोकं. "कन्व्हर्टर हाय," ते म्हणाले. "माइकातल्या आवाजाचे कॉम्प्युटरात आकडे होतेत. हा डबा आकड्याचा परत आवाज करते. आठ वायरी, आठ वेगळे आवाज." आकड्यांचा आवाज होतो म्हटल्यावर मी काय, बघायला जाऊन बसलेच.

आठ दिवस अंगणात त्यांचं तेच चाललं होतं. प्रत्येक वायरीला तांदळाच्या पोत्याची सुतळी आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी. सगळं बंद असल्याशिवाय वायरीला हात नाही. मग मीटर घेऊन एकेक भोक तपासायचं. "सेलसारखा सरळ करंट येते का पाहून राहिलो. तो आला तं स्पीकरची कॉइल जळते, आन् आवाज बी नाई करत." त्यानंतर प्रत्येक वायर एका टीचभर जुन्या स्पीकरला लावून ऐकायची. त्याचं नाव बकरा. मेला तर बकरा मरेल, मोठे वाचतील. आणि अॅम्पाचं बटन शून्यावर. "या डब्याले आवाज कमी करायचं बटनच नाई, बाई. हा फुल फेकते. म्हणून पहिले कॉम्प्युटर, मंग डबा, मंग अॅम्प. बंद करतानी उलटं." हे मला इतक्यांदा ऐकवलं की वर्गात मी पाढ्यांऐवजी तेच म्हणून जाईन अशी भीती वाटायला लागली.

सात वायरी मैदानाकडे गेल्या. आठवी मैदानाकडून उलटी आली, माझ्या कौलांवरून आणि माझ्या शेवग्यातून. मी शिडीखाली जाऊन उभी राहिले. "ही कशाला?"

"राहू द्या बाई. आठवी हाय."

"आठवी आहे ते मला मोजता येतं," मी म्हटलं. त्यांनी उजवा कान तिकडे केला आणि डावा माझ्याकडे.

मंडईचा दिवस उजाडला. मोरेश्वरभाऊ धुवट कपड्यांत आले आणि म्हणाले, "बटन मीच दाबीन." मला गेल्या वर्षीची 'धाड' आठवली. सुकरामभाऊ मात्र गोडगोड हसून म्हणाले, "तुमीच दाबाल जी. काऊन नाई?" आणि त्यांनी झेंडूचा हार घातलेला एक बोर्ड पुढे केला. वर मोठं बटन, बाजूला लाल बल्ब. नारळ फोडायचा दगड त्यांनी आधीच दहा पावलं दूर नेऊन ठेवला होता, पाणी पेट्यांवर उडायला नको म्हणून.

अध्यक्षांनी बटन दाबलं. बल्ब पेटला. टाळ्या पडल्या. त्या बटनावर त्या बल्बाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. कॉम्प्युटर आणि डबा केव्हाचे चालू होते. टाळ्या चालल्या असताना सुकरामभाऊंनी पाठमोरं होऊन एकेक अॅम्प चालू केला आणि बटनं हळूहळू उघडली. धाड नाही, खरखर नाही. ढोलकी वाजली ती थेट काळजात. सोंगाड्या बायकोच्या कानात कुजबुजला ते पार जिलबीच्या दुकानापर्यंत कळलं, आणि जिलबीवाला झारा हातात धरून हसत सुटला. अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

"देखा? माझ्या हाताचा गुण," मोरेश्वरभाऊ म्हणाले. "पुढच्या वर्षी बी तूच, सुकराम."

"होय जी," सुकरामभाऊ म्हणाले.

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण या बाबाचं लक्ष सारखं मोबाइलवर. मोबाइल एकदा वाजून बंद झाला, यांनी ढोलकी जराशी उतरवली. दोनदा वाजला, हे गालात हसले. एवढ्या मोठ्या दिवशी मोबाइल कसला बघतो हा माणूस, म्हणून मी चिडले. तेवढ्यात घरी गॅस बंद केला की नाही अशी शंका आली, म्हणून धावतपळत निघाले.

गॅस बंद होता. पण माझ्या शेवग्यातून उतरलेली आठवी वायर शेजारच्या अंगणात गेलेली दिसली. तिथे बाजेवर देवकावहिनी पडून होत्या. उशाशी बकरा, हातात मोबाइल.

"त्याले एकच कान हाय, बाई," त्या म्हणाल्या. "दुसरा मी. तीस वर्षं मैदानाच्या शेवटी उभी राहून मीच सांगत आली. पदर डोक्यावर, तं बरं हाय. पदर कमरेले, तं बोलणं ढोलकीत बुडून राहिलं. यंदा पाय नाई. मी म्हणलं, दुसरा कोणी उभा कर. तं म्हणते, तू नाई तं मी पेटीच उघडत नाई. मैदानात दोन-चार वायरीत भागलं असतं. हा आठचा डबा माह्यासाठी आणला येड्यानं." मग मोबाइल दाखवून म्हणाल्या, "आता एक रिंग वाजवली तं बुडलं. दोन वाजवल्या तं बरं."

तेवढ्यात मैदानावर ढोलकी घुमत असताना बकऱ्यातून वेगळाच आवाज आला. हळू, जपून, फक्त आठव्या वायरीतून, मैदानात कुणालाही न ऐकू जाणारा.

"भात शिजला?"

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि दोनदा मोबाइल वाजवला.

संध्याकाळी मी शिडी लावली आणि त्या वायरीला घासणारी शेवग्याची फांदी छाटून टाकली.