डोळे मिटून

दीनानाथ साळवे टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी घरात एकच नियम केला. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आधी, बाकी सगळं नंतर. एकदा डोळे मिटले की 'आमेन'पर्यंत कुणी उघडायचे नाहीत, मग दाराची बेल वाजो की कुकरची शिट्टी. हे त्यांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलंही होतं. ते ऐकून नवे पाळक रेव्हरंड अनिरुद्ध गायकवाड म्हणाले, "एकदा तुमच्याकडे प्रार्थनेला यायला हवं." बुधवारची प्रार्थनासभा कुणावर सोपवावी हे पाळकसाहेबांना ठरवायचं होतं, आणि दीनानाथरावांचा सगळा जीव त्या सभेत अडकला होता.

पाळकसाहेब शुक्रवारी जेवायलाच आले. श्यामलाबाईंनी पापलेट तळून टेबलावर ठेवलं होतं.

"गरम आहे तोवर जेवून घेऊ या का?" त्या म्हणाल्या.

"आधी प्रार्थना."

"अहो, निदान झाकून तरी येते."

पण दीनानाथरावांनी डोळे मिटलेसुद्धा.

टेबल त्यांच्या पाठीशी होतं आणि त्यापलीकडची खिडकी उघडी होती. त्यांची प्रार्थना देशाच्या राज्यकर्त्यांपासून निघून स्वारगेटच्या वाहतुकीपर्यंत आली, तेव्हा खिडकीतून शेजाऱ्यांचं मांजर आत आलं. मुलगी तनया एका डोळ्याने मोबाईल बघत होती. तिने आईला कोपराने ढोसलं. आईचे डोळे आधीच उघडे होते. श्यामलाबाई उठणार होत्या, पण समोर पाळकसाहेब हात जोडून बसले होते. आता उठलं तर नवऱ्याचा नियम त्यांच्यादेखत मोडला असता. त्या मुकाट्याने बसून राहिल्या.

मग तनयाची पाळी आली. "हे प्रभू, तू सगळं पाहतोस. आत्ता या घरात काय चाललंय तेही तुला दिसतंय. प्लीज, काहीतरी कर."

दीनानाथराव गहिवरले. पोरीने इतक्या कळकळीने कधी प्रार्थना केली नव्हती.

श्यामलाबाईंनी सुरुवात केली, "प्रभू, भुकेल्यांना अन्न मिळू दे. पण दुसरीकडे मिळू दे." बोलता बोलता त्यांनी पदर हलवून मांजराला हाकलून पाहिलं. मांजराने त्यांच्याकडे बघितलं आणि आणखी एक तुकडी ओढली.

पाळकसाहेबांची प्रार्थना मात्र विलक्षण घाईत झाली. आजारी, विधवा, विद्यार्थी, सगळे एका दमात उरकून ते 'आमेन' म्हणाले.

दीनानाथराव प्रसन्न चेहऱ्याने टेबलाकडे वळले. ताटलीत लिंबाची एक फोड उरली होती.

"श्यामला, पापलेट वाढायला विसरलीस का?"

मांजराचं नाव घ्यावं, तर तुम्हाला कसं कळलं, हा पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"हो, विसरले," श्यामलाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांना ते बघवेना. "त्या नाही विसरल्या. मांजराने खाल्लं. तीन तुकड्या."

"चार," तनया बोलून गेली. "एक तुमच्या प्रार्थनेच्या वेळी."

"पाच," श्यामलाबाई म्हणाल्या. "पहिली तुम्हा दोघांना दिसली नाही."

दीनानाथरावांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे तुम्ही सगळे..."

श्यामलाबाईंना एकदम भरून आलं. नवऱ्याच्या लांबलचक प्रार्थनांवर त्यांनी आजवर मनातल्या मनात काय काय ऐकवलं होतं. हे सगळं चारचौघांत मिरवायला चाललंय असंच त्या धरून चालल्या होत्या. आणि हा माणूस खरोखरच प्रार्थना करत होता.

"बुधवारची सभा तुम्ही घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

"पण माझ्याच घरात नियम मोडला की."

"मीही मोडला. म्हणून तर म्हणतोय."

श्यामलाबाईंनी भराभर ऑम्लेटं केली. सगळे टेबलाशी बसले.

"पाळकसाहेब, जेवणावर आशीर्वाद मागा," दीनानाथराव म्हणाले.

"तुम्हीच मागा. आम्ही ऑम्लेटांकडे बघतो."

श्यामलाबाई हसल्या. त्यांनी उठून खिडकीची कडी नीट लावली आणि परत येऊन हात जोडले. या वेळी चौघांनीही मनापासून डोळे मिटले. दीनानाथरावांच्या खुर्चीखाली पोट भरलेल्या मांजरानेही मिटले होते.