दार्जिलिंगची रंगीत तालीम

बॅटरीच्या उजेडाने शेजाऱ्यांना चहाला बोलावणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. आमचे आठल्येकाका. एकदा झोत मारला की ‘घरी आहात का?’, दोनदा मारला की ‘चहा टाकलाय’, आणि तीनदा मारला की ‘ही भजी तळतेय, धावा!’ भवानीपुरात घोषालबाबूंच्या जुन्या घरात चौकाच्या एका अंगाला आम्ही राहत होतो आणि समोरच्या अंगाला आठल्ये. हाक मारली असती तरी भागलं असतं. पण आपण ‘ओ’ दिली तर ती काकांना ऐकू कुठे येणार? म्हणून बॅटरी.

काकांच्या कानांची ख्याती आम्हांला पहिल्याच दिवशी कळली. आमच्या ह्यांना बँकेने सांगलीहून उचलून थेट कलकत्त्याला टाकलं होतं. जिन्यात ट्रंकांवर बसून मी मिनूला बिस्किट भरवत होते, तेवढ्यात वरून एक गर्जना आली, “मराठी ना? मोठ्याने बोला, माझे कान गेलेत!” मी घाबरत म्हटलं, “आम्ही कुलकर्णी, सांगलीचे.” “काय? कुलकर्णी? सांगलीचे? आत या, आत या, पोहे होतायत!” आपण बोललेलं प्रत्येक वाक्य हा माणूस पाढे म्हटल्यासारखं मोठ्याने परत म्हणायचा. मी म्हणावं, “काका, नळाला पाणी आलं.” की यांची सुरुवात, “काय? नळाला पाणी आलं? आत्ता आलं?” तेवढ्यात आतून काकू बादली घेऊन बाहेर. मी ह्यांना म्हणायची, कान गेले की माणसाचा पोपट होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

काकू जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. स्वयंपाकघरातून हाक यायची, “अहो, ऐकलंत का?” आणि बाहेरून उत्तर, “नाही ऐकलं! परत सांग!” हे दिवसातून दहादा. घोषालबाबू एकदा मला बाजूला घेऊन विचारतात, “आठोलेबाबूंना घरात ‘ऐकलोंतोका’ म्हणतात, हे त्यांचं डाकनाम आहे का?” प्रत्येक बंगाल्याला घरचं एक लाडाचं नाव असतंच, तसंच हे, असा बिचाऱ्यांचा समज. मी इतकी हसले की मला जिन्यात बसावं लागलं. काकांना सांगितलं तर ते माझ्याहून जास्त हसले. स्वतःवरचा विनोद एवढ्या चवीने ऐकणारा माणूस दुसरा दाखवा.

तर असे हे काका केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात होते. बावीस वर्षं कलकत्त्यात काढलेली. लेक लग्न होऊन जबलपूरला. घरात दोघंच, आणि दोघांचं एकच स्वप्न, दार्जिलिंग. खरं म्हणजे स्वप्न काकूंचं. माहेरी, मलकापुरात, त्यांनी लहानपणी कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर पाहिला होता, तेव्हापासूनचं. आणि अडचणही काकूंचीच. तीनदा बेत ठरला, तिकिटं काढून झाली, आणि तिन्ही वेळा ऐन निघायच्या आधी काकूंचं पाऊल उंबऱ्याशी अडलं. “तुम्ही जा. मी घर सांभाळते.” बस्स, पुढे चकार शब्द नाही. काकाही मग तिकिटं परत करून यायचे. मला मेलीला काकूंचा राग यायचा. अहो, एवढा हौशी नवरा, आणि तुम्ही घरकोंबडीसारख्या बसून राहता?

त्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीत मात्र काकांनी चंग बांधला. “ह्या वेळी तालीम करायची. पडदा वर गेल्यावर घोळ नको!” आणि महिनाभर आधीपासून आमच्या चौकात दार्जिलिंगचा संसार मांडला गेला.

काय काय त्यात! होल्डॉल, दोन ट्रंका, फिरकीचा तांब्या, दोन थर्मास, स्टोव्ह, स्टोव्हच्या पिना, त्या हरवल्या तर म्हणून आणखी पिना. ऑफिसातल्या कुणाकडून मागून आणलेली दुर्बीण. खोक्याएवढा कॅमेरा, त्याला रोज सकाळी फुंकर. बॅटऱ्या पाच. बॅटऱ्यांचे सेल काका उन्हात वाळत घालत, आपण कुरडया घालतो तसे, आणि कावळा आला की धावत जात. हवा भरायच्या दोन रबरी उशा होत्या, त्या फुगवताना त्यांचे गाल इतके फुगत की मिनू टाळ्या पिटायची. पोर पाच वर्षांची, निम्मं बंगाली बोलणारी. धावत येऊन मला सांगते, “आई, आई, काकाआजोबा बालिश!” बंगालीत बालिश म्हणजे उशी. मी म्हटलं, “आहेतच गं बाई, आजच कळलं का तुला?”

दार्जिलिंगला जाणाऱ्या कलकत्तेकराला माकडटोपी ही लागतेच. काकांनीही घेतली. पण तिच्या शेंड्याला काकूंकडून लालभडक लोकरीचा गोंडा लावून घेतला. सगळ्या सामानाला लाल खणाचे तुकडे शिवले. “गर्दीत दुरून दिसायला पाहिजे!” मी म्हटलं, “काका, तुम्ही दिसाल की नाही ठाऊक नाही, पण बैल मात्र मागे लागेल.” “काय? बैल मागे लागेल?” म्हणून त्यांनी ते अख्ख्या घराला ऐकवलं. स्वयंपाकघरात काकू खुदकन हसल्या.

सगळ्यांत कहर सुतळीचा. ऐन आश्विनात, भर उकाड्यात, काकांनी चौकात दोन बाकं मांडली, एकावर काकूंना निजवलं, दुसऱ्यावर स्वतः निजले, आणि दोघांच्या मनगटांना मिळून एक सुतळी बांधली. “गाडीत रात्री हिला उठवायचं झालं तर नुसता हिसका द्यायचा!” एक हिसका म्हणजे ऊठ, दोन म्हणजे स्टेशन आलं. मी म्हटलं, “काका, काकूंना नेताय की गाय नेताय?” घोषालबाबू गॅलरीतून बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत गेले.

संध्याकाळी लोडशेडिंग झालं की रंगीत तालीम. सगळं भवानीपूर काळंठिक्कर, आणि आमच्या चौकात बॅटऱ्यांचा खेळ. काका एका कोपऱ्यात, काकू दुसऱ्यात. उजेड वर नेला की ‘इकडे ये’. आडवा हलवला की ‘तिथेच थांब’. गोल फिरवला की ‘मी चहा आणायला चाललोय’. आणि उजेड स्वतःच्या तोंडावर मारून ओठ नीट हलवत काका काहीतरी बोलायचे, तेव्हा भूत बघितल्यासारखी मिनू माझ्या पदरात शिरायची. पण काकू चुकत नव्हत्या हं. उलट एरवी गप्प बसणारी ती बाई अंधारात लहान मुलीसारखी हसत इकडून तिकडे पळत होती. मला वाटलं, चला, निदान नवऱ्याचं वेड तरी तिला आवडतंय.

आणि एवढं सगळं घेऊन हा माणूस ट्रान्झिस्टर घरी ठेवून निघाला! कातडी पिशवीतला तो ट्रान्झिस्टर म्हणजे काकांचा जीव की प्राण. क्रिकेट असलं की कानाला चिकटलेला, जिन्यात येणारा-जाणारा त्यांनाच स्कोअर विचारणार. तो त्यांनी माझ्या हातात दिला. “तू ऐक. मला तिथे काय करायचाय?” मी म्हटलं, स्टोव्हच्या पिना दोनदा बांधल्या आणि हे विसरले. वय झालं, दुसरं काय!

निघायचा दिवस उजाडला. गाडी संध्याकाळची, सियालदाहून. टॅक्सी दारात येऊन उभी होती. ट्रंका खाली गेल्या होत्या, आणि काका वरच्या पायरीवर पाठमोरे बसून होल्डॉलचा पट्टा ओढत होते. खालच्या ड्रायव्हरला हाका, वरच्या काकूंना हाका, मधेच घोषालबाबूंना बंगालीतून सूचना. “आठोलेबाबू, आस्ते, आस्ते!” ते बिचारे हळू बोला म्हणून विनवत होते. मी थर्मास घेऊन खालून येत होते. वैतागून स्वतःशीच पुटपुटले, अगदी ओठांतल्या ओठांत, “काय हा म्हातारा! ओरडून ओरडून हिमालय खाली आणेल.”

“म्हातारा नको म्हणूस गं सुमन,” काका मान न वळवता, अगदी हळू म्हणाले. “अजून रिटायर व्हायचोय मी.”

एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

“काका... तुम्हांला ऐकू येतं?”

“मुंगी शिंकली तरी येतं,” ते म्हणाले. मग वर दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. “हिला येत नाही. हळूहळू कमी होत गेलंय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर रडायला लागली. म्हणाली, मला काही झालेलं नाही, तुम्हीच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता. म्हटलं, बरं बाई, माझंच काहीतरी बिघडलं असेल. तेव्हापासून बहिरा मी.”

म्हणजे प्रत्येकाला मोठ्याने बोलायला लावणं, तेच वाक्य परत म्हणणं, सगळं आतल्या बाईसाठी! नळाचं पाणी काकूंना कळायचं ते त्याच्यातून.

“पण लोक तुम्हांला हसतात, काका. मी हसते!”

“हसा की. थट्टा ऐकू येणाऱ्याची करावी, म्हणजे त्यालाही हसता येतं. ज्याला ऐकू येत नाही, त्याला नुसते दात दिसतात.”

पट्टा ओढायला मी खाली बसले. काका सांगत होते, तीनदा काकू उंबऱ्याशी अडल्या त्या घाबरून. स्टेशनवरच्या त्या कोलाहलात आपण मागे राहू, कुणीतरी काहीतरी विचारेल आणि आपण भलतंच उत्तर देऊ, याची त्यांना धास्ती. म्हणून सुतळी, म्हणून लाल खण, म्हणून उजेडात ओठ. कानावाचून सगळा प्रवास व्हायला हवा होता. “आणि तो ट्रान्झिस्टर,” ते म्हणाले, “तिच्या शेजारी बसून मी एकटाच काय ऐकत बसू? दहा दिवस दोघांनी सारखंच राहायचं.”

मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. कलकत्त्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात याच जिन्यात मी आमच्या ह्यांच्यापाशी रडले होते, अगदी कुजबुजत, “दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द मराठीत बोललं नाही हो.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरून पहिल्यांदा बॅटरीचा झोत आला होता. आमसुलं संपल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी काका वाटीभर आमसुलं घेऊन दारात ओरडत उभे होते, “जास्त आली होती गं, टाकून द्यायची का?” मी समजत होते योगायोग. अहो, परमुलखात माझं हळू बोललेलंही कुणीतरी ऐकत होतं, आणि ऐकल्याचा डंका न पिटता माझ्यासाठी करत होतं. सख्ख्या माणसांनीही एवढं केलं नसतं. डोळे भरून आले, ते मी तिथेच भरू दिले.

“पण या वेळी काकू तयार कशा झाल्या?” मी पदराने डोळे पुसत विचारलं.

“अजून कुठे झालीय? टॅक्सीत बसेल तेव्हा खरं.” आता काकांचा आवाज जरा कापला. तेवढ्यात वर दार वाजलं आणि ते लगेच गरजले, “चला! उशीर झाला!”

काकू खाली आल्या. अंगात स्वतः विणलेला स्वेटर, घामाने कपाळ ओलं. रस्त्यावर ट्रामचा खडखडाट, कर्णे, हातरिक्षांच्या घंटा, पूजेच्या मांडवातल्या ढाक-ढोलांचा दणदणाट. टॅक्सीच्या दाराशी त्या थांबल्या. काकांनी दार उघडून धरलं होतं, आणि त्यांच्या बोटांची पकड मला दिसत होती. मला वाटलं, झालं, चौथ्यांदा सामान वर न्यायचं.

काकूंनी माझा हात धरला आणि मला जवळ ओढून, आपण कुजबुजतोय असं वाटणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, म्हणाल्या, “मला कसली गं हौस? पण यांच्या कानांचं तुला ठाऊकच आहे. एवढ्या गर्दीत यांना एकट्याला कसं सोडू? आपणहून म्हणाले, मला भीती वाटते, तू चल. मग काय, जायला नको का मी?”

काका भलतीकडे, ट्रामच्या तारांकडे बघत उभे होते. मुंगी शिंकलेली ऐकणारा माणूस.

मी काकूंच्या समोर गेले, माझा चेहरा त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिले, आणि एकेक शब्द सावकाश म्हटला, “तुम्ही बरोबर आहात ना काकू, मग काकांची मला मुळीच काळजी नाही.”

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याचा दंड धरून, “चढा, जपून,” असं म्हणत आधी त्यांना आत बसवलं. मग स्वतः बसल्या. मी उघड्या दारातून आत वाकले आणि दोघांच्या पायांना हात लावला.

“अगं, आज काय गं नमस्कार?” काकूंनी विचारलं.

“मोठ्या माणसांना करतात,” मी म्हटलं, आणि दोघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.