विहीणबाईंची गाणी आणि माझी दाढ

तुमचं आवडतं गाणं कोणतं ते मला सांगा, तुम्ही कसे आहात ते मी सांगतो! उगाच बढाई मारत नाही. हा माझा रोजच्या कामातून कमावलेला हुन्नर आहे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी काम करतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस घाबरून लाल बटण दाबतो. त्या बटणाच्या दुसऱ्या टोकाला मी असतो! मिस्त्री पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे माझं काम. आता अडकलेल्या माणसाशी बोलणार तरी काय? हवेचा विषय काढला तर आतली हवा पुरेल का, या विचारानं तो आणखी घाबरतो. म्हणून मी विचारतो, "साहेब, गाणी कोणती आवडतात?" उत्तर आलं की मला कळतं, हा गृहस्थ गुमान बसेल की दारावर लाथा घालेल.

अशी माणसं ऐकून ऐकून माझं एक शास्त्रच तयार झालंय. बासरी आवडणारी माणसं बोलायला गोड, पण नेलेली शिडी परत करत नाहीत. (आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी! शिडी अजून त्यांच्याकडेच आहे.) बँडबाजा आवडणारे मनानं स्वच्छ, पण तुम्ही कानात सांगितलेलं चौकात सांगतात. सतत रडकी गाणी ऐकणाऱ्यांची तब्येत ठणठणीत असते. आणि जो म्हणतो 'मला सगळंच आवडतं', त्याच्यापासून मात्र चार हात लांब राहावं. बिनबुडाचा माणूस! सकाळी एक, संध्याकाळी भलताच!

तर आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, पुलांच्या बांधकामावर इंजिनिअर. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा मी अर्थातच विचारलं.

"मी फारसं ऐकत नाही," तो म्हणाला. "आई ऐकते."

"काय ऐकते?"

"काय काय ऐकते."

काय काय! माझे कान टवकारले. आई त्या वेळी परगावी गेली होती, त्यामुळे भेट झाली नव्हती. मी हसत हसत म्हटलं, "येऊ दे त्यांना. एक गाणं ऐकलं की सांगतो तुझी आई कशी आहे ते!"

आम्ही सगळे हसलो. जावई जरा कमी हसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी दाढ सुजली. गालाचा टरबूज झाला. बायको म्हणाली, "अहो, आपली होणारी विहीण दातांची डॉक्टर, आणि तुम्ही गाल धरून घरात बसता? लोक काय म्हणतील!"

"लोकांची दाढ दुखत नाहीये!"

"घाबरता म्हणा की!"

"मी? अडकलेल्या माणसांना दिवसभर धीर देणारा मी?"

खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली तरी मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. पण मुलीच्या सासरचा प्रश्न होता. बायको एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, अशी माझी वरात दवाखान्यात पोचली.

बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत मासे होते. तेही आ वासून! मला वाटलं, यांचाही नंबर लागलाय.

आतून एक धिप्पाड मावशी आल्या. पांढरा कोट, हातात निळे मोजे. "चला," एवढंच म्हणाल्या. तुरुंगात नेताना इतकंच बोलत असावेत. बायको म्हणाली, "नीट बोला हो त्यांच्याशी!" मुलगी म्हणाली, "बाबा, काकू खूप चांगल्या आहेत. घाबरू नका." दार बंद झालं.

विहीणबाई उंच होत्या. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी. मधे फक्त डोळे. डोळ्यांवरून माणूस ओळखणं माझ्या शास्त्रात बसत नाही!

"या, या. आराम करा," त्या म्हणाल्या. मी खुर्चीत बसलो. खुर्ची मागे झाली, पाय वर, डोकं खाली, आणि डोळ्यांत दिव्याचा झोत. याला आराम म्हणतात! त्यांनी माझ्या गळ्यात साखळीचं लाळेरं अडकवलं. "काही त्रास वाटला तर डावा हात वर करा हं. मावशी, लावा."

कोपऱ्यातल्या यंत्रातून बासरी सुरू झाली.

शिडी! माझ्या डोळ्यांपुढे शिडीच आली. माझ्या कपाळाला आपोआप आठी पडली. विहीणबाईंनी ती आठी पाहिली आणि घाईघाईनं म्हणाल्या, "मावशी, दुसरं!"

बासरी तुटली. एक बाई हुंदके देत गाऊ लागली. त्याच क्षणी विहीणबाईंच्या हातात सुई दिसली. केवढी सुई! गालिचा शिवायला वापरतात तेवढी! मी डावा हात वर केला.

"हेही नाही आवडलं?" त्या पुटपुटल्या. "मावशी, दुसरं लावा!"

बँड सुरू झाला आणि सुई आत गेली. ढम्म! हिरडी, जीभ, ओठ, सगळं हळूहळू माझ्या मालकीचं राहिलं नाही. मग त्यांनी तोंडात एक ठोकळा बसवला, ओठाशी नळी अडकवली आणि यंत्र चालू केलं. भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं. अक्षरशः पळालं, त्या नळीनं ओढून घेतलं! दातखीळ बसायची तेवढी बाकी होती, पण ठोकळा होता.

मी पुन्हा हात वर केला. गाणं बदललं. मी हात हलवला. पुन्हा बदललं! आता कुणीतरी गिटारचा गळा आवळत होतं आणि दुसरा कुणी ते बघून किंचाळत होता. आणि विहीणबाई? शांतपणे दाढ कोरत होत्या!

मी भीतीनं गार पडलो. दाढेचं सोडा, मला मुलीची काळजी लागली. बासरी, रडगाणं, बँड, किंचाळ्या; घटकाभरात इतकी रूपं! एका बाईच्या पोटात इतक्या बाया कशा मावतात? माझी मुलगी रोज सकाळी उठून यांतल्या कोणत्या सासूपुढे उभी राहणार? हुंदके देणाऱ्या की गळा आवळणाऱ्या? 'काय काय ऐकते' म्हणाला होता तो! पोरानं सावध केलं होतं आणि मी हसत बसलो!

मी दोन्ही हात वर केले.

"मावशी!" विहीणबाईंचा आवाज चिरकला. "ते शेवटचं लावा!"

किंचाळ्या थांबल्या. आणि मग... अंगाई!

अहो, अंगाई! मऊ, हळुवार, बाळाला निजवतात तशी. मला कशाला निजवताय? कायमचं? विहीणबाई माझ्यावर वाकल्या आणि कुजबुजल्या, "आता अजिबात दुखणार नाही." त्यांच्या हातात टोकदार सळई होती आणि तो हात थरथर कापत होता!

मी ठोकळा थुंकून टाकला आणि खुर्चीतून उडी मारली. नळी उपटून लाळेऱ्यासकट माझ्यामागे आली. मावशी आडव्या आल्या, मी त्यांच्या काखेखालून निसटलो आणि बाहेरच्या खोलीत येऊन बायको आणि मुलीसमोर उभा राहिलो.

"लग्न मोडा!" मी ओरडलो.

म्हणजे, मला तसं म्हणायचं होतं. पण प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. माझा ओठ कुठे होता ते मलाच माहीत नव्हतं. तोंडातून निघालं, "लग्न ओडा!"

"ओढा?" बायको उठून उभी राहिली. "कुठे ओढा? अलीकडे?"

"ओडा! ओडा!" मी दोन्ही हातांनी काडी मोडल्याची खूण केली. घाबरलेल्या माणसाची खूण ती! दोघींना दोरी ओढल्यासारखी दिसली.

"बाबा, लग्न अलीकडे ओढायचं म्हणताय?" मुलीचे डोळे चमकले.

मी जिवाच्या आकांतानं आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "ही बाई! ही बाई!"

"ही आई! ही आई!" असं बाहेर पडलं.

मुलगी एकदम थांबली. डोळ्यांत पाणी. "आई, ऐकलंस? मी काकू म्हणते ना त्यांना. बाबा म्हणतायत, काकू नाही, ही आईच आहे."

मला घाम फुटला. मी सगळी ताकद एकवटून शेवटचा प्रयत्न केला. हिच्यात पाच बाया आहेत, एवढंच सांगायचं होतं. मी पाच बोटं पसरली आणि गरजलो, "हिच्यात आच आया आहेत!"

"पाच आया!" बायकोनं पदर डोळ्यांना लावला. "पाच आयांची माया आहे म्हणतायत हो या बाईत! इतकं भरून कधी बोलला नाहीत तुम्ही. माझ्याबद्दलसुद्धा नाही!"

तेवढ्यात दार उघडलं. विहीणबाई मास्क काढून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माशांच्या टाकीशेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या आणि रडायला लागल्या.

"मला वाटलं, संपलं सगळं," त्या म्हणाल्या. "मुलानं सांगितलं होतं, सासरे एका गाण्यावर माणूस ओळखतात. तुम्ही येणार कळल्यावर काय लावू, काय लावू, एवढंच डोक्यात. बासरी लावली तर तुमच्या कपाळाला आठी. मग जे लावावं त्याला तुम्ही हात वर करता! इतक्या लोकांच्या दाढा केल्या, कधी हात कापला नाही हो. आज सळई धरवेना. म्हटलं, एका गाण्यापायी मी माझ्या पोराचं लग्न मोडलं!"

काय स्पष्ट 'म' होता त्यांचा! मला हेवा वाटला.

मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "पण तुम्हाला कोणतं आवडतं?" तिनं विचारलं.

"आवडनिवड कसली गं!" विहीणबाईंनी नाक पुसलं. "मुलगा दिवसभर पुलावर. दवाखाना सुटला की घरी मी एकटी. रेडिओला लागेल ते चालू ठेवते. बातम्या, गाणी, शेतीचा सल्ला, काहीही! आवाज असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

मी नळी हातात धरून उभा होतो. ज्या बाईला मी आत सळईवाली राक्षसीण समजलो, ती संध्याकाळभर रेडिओशी बोलत बसते! आणि तिला इतकं घाबरवलं कुणी? मी. मला क्षमा मागायची होती. 'माफ करा' म्हणायला गेलो. पहिली दोन्ही अक्षरं ओठांची, सुरुवातच 'मा'नं होती! मी मुकाट्यानं हात जोडले.

"अहो, हात कसले जोडता!" विहीणबाई हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या.

पुढचं सगळं माझ्या बधिर तोंडादेखत झालं. बायकोनं जावयाला फोन लावला. तो पुलावर होता, वारा सुटला होता, तरी त्याचा "हो! हो!" आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. लग्न हिवाळ्याच्या शेवटी होतं ते सुरुवातीला आलं. मी मान हलवत होतो. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं म्हणजे आता इच्छाही नव्हती. मुलगी विहीणबाईंचा हात धरून बसली होती. विहीणबाईंची भीती एकदम उतरली होती.

माझी मात्र उतरली नव्हती. कारण विहीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला व्याही, दाढ अर्धी उघडी आहे!"

पुन्हा खुर्ची, पुन्हा झोत. "या वेळी तुम्हीच सांगा," त्या प्रेमानं म्हणाल्या. "कोणतं लावू?"

"काहीच नको," मी म्हणालो. एकही ओठांचं अक्षर नाही! स्वच्छ, खणखणीत मराठी!

मावशींनी यंत्र बंद केलं. खोलीत शांतता पसरली. विहीणबाईंचा हात आता अगदी स्थिर होता. त्यांनी कोरायचं यंत्र चालू केलं, आणि तो आवाज मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. अरे बाप रे! जणू माझ्या कवटीत कुणीतरी लोखंडी पत्रा कापत होतं! किंचाळ्या, गिटार, बँड, सगळे बिचारे याच आवाजावर पांघरूण घालत होते!

मी डावा हात वर केला. दोन्ही हात वर केले. यंत्र थांबलं.

"काय होतंय? सांगा ना."

गाणं लावा आणि चांगलं मोठं लावा, एवढंच हवं होतं. घाईत सगळ्यात महत्त्वाचा शब्द आधी निघाला.

"ओठं! ओठं!"

"ओठ?" विहीणबाईंनी काळजीनं दिवा जवळ ओढला. "ओठ दुखतोय होय! लाजायचं काय त्यात, आता आपण घरचे! मावशी, आणखी एक सुई भरा बघू. मोठी. ओठासाठी!"

'नाही' म्हणेपर्यंत ती आत गेली होती!