कारभाऱ्यांचे घरी शक्तीची गोळी पावली त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, तरी राज्यात क्रोध कोणी करीत नव्हते, बायका तर मुळीच नाहीत. ते समयी महाराजांचे कारभारी जिवाजीपंत यांचे मनी आले की राज्यातील स्त्रिया फार थकल्या दिसतात, न्हाण आलेली पोर थकली, बाळंतीण थकली, पाळी जाण्याच्या वयाची थकली, आणि म्हातारी तर थकलेलीच, तरी इलाज करावा. मग राजवैद्य बोलाविले आणि ते बोलिले, "कोएन्झाइम म्हणोन जिन्नस आहे, त्याची गोळी मिळते. अन्न ही जहागीर, एन्झाइम तीवर वसूल करणारा कमाविसदार, आणि कोएन्झाइम त्याचा कारकून. वय वाढे तसा कारकून रजेवर जातो आणि वसूल तुंबतो." पंतांस हे कारभाराचे बोलणे बहुत मानवले, आणि कोणाचे रक्त न तपासता, बायकांस एक शब्द न पुसता हुकूम सुटला की दर बाईस रोज एक गोळी पावावी, आरंभ दरबारी मंडळींचे घरांपासोन, गुण दिसलिया राज्यभर. पंतांचे घरी चौघी होत्या, मातोश्री, कुटुंब भागीरथीबाई, ओली बाळंतीण सूनबाई आणि शाळेत जाणारी कन्या.

मग काही मास लोटले आणि नवल ऐसे की पंतच टवटवीत दिसो लागले. कोणी पुसिले तर म्हणत, "आमचे सूर्यनमस्कार!" आणि सूर्याने पंतांस वाकलेले कधी पाहिले नव्हते. भागीरथीबाई मात्र जिना चढता मध्येच बसत, ते पंत पाहात आणि मनी म्हणत, औषध आहे, अंगी लागावयास वेळ लागतो. पुढे महाराजांनी दाखला मागितला, तेव्हां पंत मोठ्या डौलाने चौघींस घेऊन दरबारी गेले, आणि मुजरा करिता करिता भागीरथीबाई भोवळ येऊन खाली बसल्या. महाराज म्हणाले, "पंत, गुण तो हाच काय?" पंत म्हणाले, "सरकार, गोळी नेमाने पावते." त्यावर मातोश्री फणकारिल्या, "पावते तर! एक वाया जाऊ दिली नाही. शक्तीची वस्तू, ती काय आम्ही बायकांनी खावी? माझी आणि हिची कुटून तुझ्या दुधात, सूनबाईची तिच्या नवऱ्याच्या शिऱ्यात, आणि पोरीची तिच्या धाकट्या भावाला, त्याची परीक्षा आहे." कन्या हळूच बोलली, "परीक्षा माझीही आहे, आजी."

दरबार हसावयास गेला आणि मध्येच थांबला, कारण ज्यास त्यास आपले घरचे दूध आठवले. मग वैद्यांनी भागीरथीबाईंची पापणी ओढोन पाहिली, आत पांढरे फटक. "कारकून राहिला बाजूस, येथे जहागीरच ओसाड आहे. पंत, बाईसाहेब जेवतात काय?" साऱ्या परगण्यांचा वसूल ज्यांस मुखोद्गत, ते पंत कुटुंबाकडे पाहो लागले. भागीरथीबाईच म्हणाल्या, "जेवते की. सगळ्यांचे झाले म्हणजे, उरेल ते. तुम्हांस भाजी आवडली म्हणजे त्या दिवशी ताक." हे त्या तक्रारीने बोलल्या नाहीत, म्हणोन पंतांस ते अधिक लागले, आणि दोन बायकांची शक्ती पोटी असता त्यांस मान वर करवेना.

मग घरी येऊन पंत स्वतां स्वयंपाकघरात गेले, पान मांडिले, भात वाढिला, आणि अडले. "अहो, तूप कोठे असते?"

"फडताळात. तुमच्या डोक्यावर. मी या घरी आले तेव्हांपासोन तेथेच आहे."

पंतांनी तूप वाढिले. भागीरथीबाई पानावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवोन राहिल्या. "जेवा ना," पंत म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुमचे व्हायचे आहे ना अजून." भात निवत होता. पंत ताटाशी उभेच राहिले, आणि पहिला घास जाईपर्यंत त्यांनी भिंतीकडे पाहिले.

येणेप्रमाणे स्त्रियांस शक्ती यावी म्हणोन मोहीम निघाली, ती पुरुषांनी खाऊन फत्ते केली. घडले तैसे लिहिले. लाज ज्याची त्याने वाढोन घ्यावी, ती सर्वांस पुरोन उरेल.