गुंडूअण्णांची शाळातपासणी

कुठल्याही शाळेत शिरले की गुंडूअण्णा आधी मुलांच्या माठातलं पाणी पिऊन बघत. ताजं असलं तर "सरी", म्हणजे कानडीत 'ठीक', म्हणून पुढे जात. शिळं लागलं तर हेडमास्तरांसमोर जाऊन तोंड वाकडं करत. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला हा शिंपी. स्वतः शिवलेला काळा कोट आणि काळी टोपी घालून ते फाटकातून आले, की मास्तर लोक इन्स्पेक्टर समजून उठून उभे राहत. आपण इन्स्पेक्टर आहोत असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत.

मी बदली होऊन निपाणीहून बंगळुरात आलो, तेव्हा राजाजीनगर नुकतं वसत होतं. अण्णा आणि त्यांची थोरली बहीण सीताक्का आमच्या शेजारी राहत. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. पण गल्लीतलं कुणाचंही मूल शाळेत घालायच्या वयाचं झालं, की अण्णा त्या घरी हजर. "कुठल्या शाळेत घालणार? स्वल्प थांबा. मी बघून येतो."

एका वर्षी आमच्या मुलीचा, शैलाचा नंबर लागला. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि जवळच्या दोन्ही सरकारी शाळा कानडी. एक मोठी, दगडी, पुढे बाग असलेली. दुसरी कौलारू, एका खोलीत दोन वर्ग भरणारी. माझं मन अर्थात दगडीवर बसलं होतं. अण्णांनी मला दोन्हीकडे नेलं, तेही बरोबर शाळा भरायच्या वेळेला.

"सुटताना काय, सगळीच पोरं धावतात, देसाई. भरताना धावतात काय, ते बघायचं."

दगडी शाळेत पोरं खाली मान घालून रांगेनं आत जात होती. हेडमास्तर म्हणाले, "मुलीला कानडी येत नसेल तर पुढच्या वर्षी आणा."

"वर्षभर घरात बसून कानडी येतं होय, सार?" अण्णांनी विचारलं. हेडमास्तर बावरले आणि इन्स्पेक्टरांसाठी कॉफी सांगायला उठले. तेवढ्यात आम्ही निसटलो.

कौलारू शाळेत पोरं अशी धावत आली, की त्यांतल्या एकानं अण्णांना जवळजवळ पाडलंच. टोपी सावरत अण्णा खूश. पहिलीच्या सरोजाबाईंना मी घाबरत घाबरत भाषेचं सांगितलं. त्या हसून कानडीत म्हणाल्या, "मला मराठी येत नाही. ती मला शिकवेल, मी तिला शिकवीन."

"हीच शाळा," अण्णा म्हणाले.

"अहो, वर कौलं फुटलीत," मी म्हणालो.

"कौलं बदलता येतात की."

शैला जायला लागली, पण शाळेत तोंडच उघडेना. दसरा झाला, दिवाळी झाली. घरी टकळी चालू आणि वर्गात अवाक्षर नाही. बायको चिडली. "तुमच्या अण्णांनी पोरीला मुकी करून ठेवली!"

मी अण्णांना जाऊन सांगितलं, की शैलाचं नाव काढतोय. ते इस्त्री करत होते. नेहमी एकाला दहा बोलणारा हा माणूस नुसता "सरी" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, तर पहिलीच्या वर्गात मागच्या रांगेत, काळ्या कोटासकट गुडघे पोटाशी घेऊन अण्णा जमिनीवर बसलेले! शेजारी शैला. सरोजाबाईंनी खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून कानडीत विचारलं, "हे काय?"

अण्णांनी झटकन हात वर केला. "कावळा!"

वर्ग खिदळला. बाईंनी मान हलवली.

"मग... घुबड?" अण्णा मराठीतच म्हणाले.

शैलाला ते सहन झालं नाही. ती उठून उभी राहिली आणि त्यांच्यावर ओरडली, "घुबड काय अण्णा! कागे! कागे म्हणतात इथं!"

कावळ्याचं कानडी नाव. वर्गात बोललेला तिचा पहिला शब्द. सरोजाबाईंनी टाळ्या वाजवल्या. अण्णा कान पकडून सगळ्या पोरांना दाखवत होते, की चुकलं बुवा. मी दारातूनच परत फिरलो.

संध्याकाळी हसत हसत मी ही हकिगत सीताक्कांना सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"गुंडू लहानपणी शाळेत बोलायचाच नाही," त्या म्हणाल्या. "घरात मराठी, तिथं सगळं कानडी. मास्तरांना वाटलं पोर मुकं आहे. घरी पाठवून दिलं. आमच्या आप्पांनी शिलाईच्या मशिनीवर बसवला. आता बघा, गप्प बसवत नाही त्याला."

"पुन्हा दुसऱ्या शाळेत नाही घातलं?"

"बघायला कोण जाणार होतं, देसाई?"

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी मी शैलाला सोडायला गेलो. ती दुसरीत, मैत्रिणींशी फडाफडा कानडी बोलत आत गेली. फाटकापाशी नव्या मुलांची रडारड चालली होती, आणि त्या गोंधळात अण्णा उकिडवे बसले होते. एका मुलीचे डोळे कोटाच्या बाहीनं पुसत, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ते तिला तिचं नाव विचारत होते. ती काही सांगेना.

"बरं, राहू दे," ते आपल्या मराठीत तिला म्हणाले. "सावकाश सांग. मी आहे इथंच."